मार्क ट्वेनच्या नावावर काहीही खपवायचं?

निवडणुका जवळ आल्या की 'महान अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांचे विचार' हा फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. मुद्दे चार. ट्वेन भारतभक्त होता. ब्रिटिश राजवटीचा कट्टर विरोधक होता. हिंदू धर्माकडे झुकला होता. आणि चौथा : 'मतदानाने काही फरक पडत असता, तर त्यांनी आपल्याला ते करूच दिलं नसतं' असं तो म्हणून गेला. यावेळी आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला. मी गप्पच बसणार होतो, पण यंदा पहिल्यांदाच मतदार यादीत नाव आलेल्या भाच्याने खाली लिहिलं, 'मग उन्हात रांग कशाला लावायची?'

तर चौथा मुद्दा आधी. हे वाक्य ट्वेनने लिहिल्याचा किंवा बोलल्याचा कसलाही पुरावा नाही. अराजकतावादी एमा गोल्डमनच्या नावावरही तेच फिरतं, म्हणजे ज्याला जे नाव आवडेल ते त्याने चिकटवावं. ट्वेन स्वतः काय करत होता ते बघा. १८८४ साली रिपब्लिकन पक्षाने भ्रष्टाचाराचे आरोप असलेल्या जेम्स ब्लेनला अध्यक्षपदासाठी उभं केलं, तेव्हा रिपब्लिकन असलेल्या ट्वेनने उघडपणे विरोधी पक्षाच्या क्लीव्हलंडची बाजू घेतली. १९०१ साली, पासष्टी गाठलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या महापालिका निवडणुकीत शहराच्या राजकारणावर पकड असलेल्या 'टॅमनी हॉल' या भ्रष्ट राजकीय टोळीविरुद्ध प्रचाराची भाषणं करत होता. टॅमनी ती निवडणूक हरली. त्याच वर्षीच्या जानेवारीत, मुलींच्या एका शाळेसाठी केलेल्या भाषणात त्याने मताला चाबूक म्हटलं आणि तो बायकांच्या हाती आलेला मला बघायचाय, असं सांगितलं. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळाला १९२० साली, ट्वेन गेल्यानंतर दहा वर्षांनी. मतदान थोतांड वाटणारा माणूस दुसऱ्यांना ते मिळावं म्हणून घसा कोरडा करील का? तरुणांना तरुणपणीच म्हातारं करणारं हे वाक्य कोणी पाठवलं तर निदान ट्वेनला त्यातून वगळा.

भारतभक्तीचं म्हणाल तर, मान्य करावं लागतं, भारत म्हणजे मानववंशाचा पाळणा आणि इतिहासाची आई, हे प्रसिद्ध वाक्य खरंच त्याचं आहे. १८९७ सालच्या 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनात ते आहे. कर्जात बुडालेला ट्वेन व्याख्यानांचे पैसे मिळवायला जगभर फिरत होता आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला. पण फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कोणी ते पुस्तक उघडलेलं दिसत नाही. हिंदू आणि मुसलमान राजवटीतला भारत आणि आताचा भारत यांची तुलना केली, तर ब्रिटिश सत्ता येणं ही या देशाच्या बाबतीत घडलेली सर्वांत भाग्याची गोष्ट होती, असं त्याच पुस्तकात त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय. ठगांच्या बंदोबस्ताबद्दल तर तो इंग्रजांचं कौतुक करताना थकत नाही. दुसरा मुद्दा इथेच निकालात निघतो.

आणि तरीही याच पुस्तकातला मुंबईचा एक प्रसंग मला त्या गौरवाच्या वाक्यापेक्षा मोठा वाटतो. हॉटेलात एका जर्मन माणसाने काही कारण न सांगता नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर मुकाट राहिला. ट्वेनला तत्क्षणी मिसूरीतलं बालपण आठवलं. तिथे गुलामाला मारणं हा रोजचा रिवाज होता, त्याचे वडीलही त्याला अपवाद नव्हते. तो दहा वर्षांचा असताना एका माणसाने किरकोळ चुकीसाठी लोहखनिजाचा गोळा फेकून आपल्या गुलामाचा जीव घेतला, तेही ट्वेनने पाहिलं होतं. आपल्याच घरादाराची ही लाज त्याने मुंबईच्या प्रकरणात मांडली.

हिंदू धर्माचं थोडक्यात. काशीत तो स्वामी भास्करानंदांना आदराने भेटला, हे खरं. पण गंगेच्या पाण्याची यथेच्छ टिंगलही केली, आणि चर्चची टिंगल करायलाही तो कधी चुकला नाही.

साम्राज्यविरोधी ट्वेन हवाच असेल तर तो १९०० नंतरचा. फिलिपिन्स गिळणाऱ्या आपल्याच सरकारवर त्याने झोड उठवली, १९०१ पासून मरेपर्यंत तो साम्राज्यवादविरोधी संघटनेचा उपाध्यक्ष होता. कांगोत अत्याचार करणाऱ्या बेल्जियमच्या राजा लिओपोल्डवर १९०५ साली पुस्तिका लिहिली. याबद्दल त्या फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.