शॉट मारला म्हणून २४ सेकंद पुन्हा मिळत नाहीत

शालेय बास्केटबॉल संघांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'चेंडू बास्केटकडे फेकला की शॉट क्लॉक पुन्हा २४ वर जातं. रिंगखाली बचाव करणाराही ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही.' (शॉट क्लॉक म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या संघाला शॉट मारायला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ.) दोन्ही विधानं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत बसत नाहीत, आणि आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्याच नियमांनी होतात.

हे घड्याळ नव्याने लागायचं तर चेंडू रिंगला लागायलाच हवा. नुसता बोर्डाला लागून परत आला किंवा एअरबॉल (कशालाच न लागलेला शॉट) गेला आणि आपल्याच खेळाडूने पकडला, तर घड्याळ न थांबता पुढे चालू राहतं. मुलं इथेच निवांत होतात आणि चेंडू घालवून बसतात. रिंगला लागून रिबाउंड (परत आलेला चेंडू) आपल्यालाच मिळाला तरी १४ सेकंदच मिळतात; पूर्ण २४ मिळतात ते समोरच्या संघाने चेंडू घेतला तर.

शॉट क्लॉक संपल्यावर वाजणाऱ्या बझरचंही नीट समजून घ्या. चेंडू हातातून आधी सुटला आणि हवेत असताना बझर वाजला, तर बास्केट धरली जाते. रिंगला लागून बाहेर आला, तरी खेळ सुरूच. रिंगला लागलाच नाही तर व्हायोलेशन (नियमभंग). मात्र चेंडू लगेच आणि स्पष्टपणे विरोधी संघाच्या हातात गेला, तर पंच खेळ थांबवत नाहीत.

राहिले ते ३ सेकंद. बचाव करणाऱ्यावरचं बंधन एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, आहे. फिबात ते फक्त आक्रमण करणाऱ्या संघाला, तेही चेंडू पुढच्या कोर्टात त्यांच्या ताब्यात आणि सामन्याचं घड्याळ चालू असताना. प्रशिक्षकांनी हा मेसेज पुढे पाठवू नये, ही कळकळीची विनंती.