रक्तपट आवडणारी माणसे क्रूर असतात का?

‘खुनी विदूषक माणसे कापत सुटतो आणि हे लोक मिटक्या मारत बघत बसतात. अशांच्या मनातच हिंसा दडलेली असते, त्यांची माणुसकी बोथट झालेली असते, आणि ज्याला ते चित्रपट म्हणतात तो बादलीभर लाल रंग ओतून कोणालाही काढता येईल,’ अशा आशयाचे मत सध्या सगळीकडे फिरते आहे आणि अनेक विचारी माणसेही ते पुढे पाठवत आहेत. ‘टेरिफायर’ या रक्तपटांच्या, म्हणजे रक्तपाताने भरलेल्या भयपटांच्या, मालिकेतला आर्ट नावाचा हा खुनी विदूषक मला मनापासून आवडतो. म्हणूनच या मतातील एकेका आरोपाला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

पहिला आरोप मनातल्या हिंसेचा. पडद्यावरचे रक्त आवडणाऱ्याला खरे रक्तही आवडत असणार, असे त्यामागचे गृहीतक आहे. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट, क्लार्क मॅकॉली आणि पॉल रोझिन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना कत्तलखान्यातल्या कापाकापीचे आणि एका मुलीच्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेचे खरे चित्रण दाखवले होते. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ते शेवटपर्यंत न पाहताच बंद केले. ते रक्तपटांचे चाहते म्हणून निवडलेले नव्हते हे मान्य, पण पडद्यावर याहून कितीतरी अधिक रक्त पाहणारा प्रेक्षक आणि खऱ्या जखमेपुढे मान फिरवणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, हे त्यातून कळते. माझेही तसेच आहे. पहिल्या ‘टेरिफायर’मधला करवतीने माणूस कापण्याचा प्रसंग मी चार वेळा पाहिला आहे, आणि अपघाताची खरी चित्रफीत समोर आली तर मला ती क्षणभरही सहन होत नाही. समोरचा नट चित्रीकरण संपल्यावर चेहरा धुऊन घरी गेला आहे, ही खात्री असते म्हणूनच हे पाहता येते. ती खात्री गेली तर आनंदाचा मागमूसही उरणार नाही.

असे चित्रपट पाहून लोक बाहेर हिंसा करतात, हा याच आरोपाचा पुढचा टप्पा. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील १९९५ ते २००४ या काळातील आकडे तपासले, तेव्हा हिंसक चित्रपटांना जास्त प्रेक्षक लाभलेल्या दिवशी हिंसक गुन्हे वाढण्याऐवजी कमी झालेले दिसले. मारामारी करण्याची शक्यता असलेली माणसे तेवढा वेळ दारू पिण्याऐवजी चित्रपटगृहात बसलेली असतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. दीर्घकालीन परिणामांबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही आणि मीही त्याच्या आधारे तसा दावा करणार नाही, पण ‘पाहिले आणि सुटले सुरा घेऊन’ हे चित्र त्यापुढे टिकत नाही.

‘कोणीही काढेल’ या आरोपाचा मात्र मला खरोखर राग येतो, कारण त्यात लोकांच्या मेहनतीचा अपमान आहे. पडद्यावर तीन सेकंद दिसणाऱ्या जखमेसाठी आधी नटाच्या शरीराचा साचा घ्यावा लागतो, त्यातून सिलिकॉनची किंवा फोम लेटेक्सची कातडी काढावी लागते आणि खऱ्या त्वचेशी सांधा दिसू नये म्हणून तिच्या कडा कागदाहून पातळ ठेवाव्या लागतात. तिच्याखालून नळी फिरवलेली असते आणि चौकटीबाहेर बसलेला माणूस नेमक्या क्षणी पंप दाबतो. रक्त बहुधा मक्याच्या पाकात खाण्याचे रंग मिसळून केलेले असते. ते पातळ झाले तर सरबतासारखे दिसते, घट्ट झाले तर मुरंब्यासारखे. घेतलेला शॉट फसला की सगळे पुसून, धुऊन पुन्हा मांडावे लागते, आणि गाठीला पैसा नसेल तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. डेमियन लिओन यांनी २०१६ चा पहिला ‘टेरिफायर’ लिहिला, दिग्दर्शित केला, संकलित केला आणि त्यातली रंगभूषाही स्वतःच्या हातांनी केली. २०२२ चा दुसरा भाग सुमारे अडीच लाख डॉलरमध्ये उभा राहिला आणि त्यासाठी चाहत्यांनी वर्गणी दिली होती. त्यात कुठे कुठे कमी खर्च डोळ्यांना दिसतो, काही संवाद कच्चे आहेत आणि दुसरा भाग लांबलाही आहे, पण जिथे हात चालतो तिथे तो कसबी कारागिराचा हात आहे.

शिवाय या चित्रपटात फक्त रक्तच आहे असे म्हणणाऱ्याने पहिल्या भागातला पिझ्झाच्या दुकानातला प्रसंग पाहिलेला नसावा. आर्ट येऊन समोरच्या बाकावर बसतो आणि दोन मैत्रिणींपैकी एकीकडे टक लावून पाहत राहतो. दुसरी त्याच्या मांडीवर बसून फोटो काढते, तरी त्याची नजर पहिलीवरून हटत नाही. रक्ताचा थेंबही सांडत नाही आणि आर्ट एक शब्दही बोलत नाही. डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटन हा नट सारे काही भुवया, दात आणि मानेच्या बारीकशा कलण्यातून पोहोचवतो. माझ्या अंगावर काटा येतो तो तिथे, नंतरच्या करवतीपाशी नव्हे.

राहता राहिला अशा चित्रपटांवर नेहमी घेतला जाणारा स्त्रियांबद्दलचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. या प्रकारच्या चित्रपटांत स्त्रीचे मरण अनेकदा अधिक लांबवले जाते आणि पहिल्या ‘टेरिफायर’मध्ये ते विशेष खुपते. तिथे मी दिग्दर्शकाची बाजू घेत नाही. परंतु यावरून प्रेक्षक मारेकऱ्याच्या बाजूने असतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्येच दाखवून दिले होते की अशा चित्रपटांत शेवटपर्यंत टिकून लढणाऱ्या मुलीशी प्रेक्षक, पुरुष प्रेक्षकसुद्धा, स्वतःला जोडून घेतात. दुसऱ्या भागाची नायिका सिएना तलवार उचलते तेव्हा मीही नकळत मुठी आवळून बसलेलो असतो आणि ती वाचावी एवढेच त्या घटकेला मला हवे असते.