हात लावा, पण तुम्ही नाही

“ताई, हात काढा.”

तीनच शब्द. पण परवापासून घशात अडकलेत. ज्या इमारतीत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर माझ्या उंचीच्या अक्षरांत ‘इथे प्रत्येक वस्तूला हात लावा’ असं रंगवलंय, त्या इमारतीत हात काढायला सांगितलं गेलेली मी बहुधा पहिलीच. बरं, सांगणारा तिथला कर्मचारी असता तरी मी समजून घेतलं असतं. हे कुणाचे तरी आजोबा होते.

मुलांच्या हाताळून बघायच्या संग्रहालयात गेलेल्या कुठल्याही पालकाला एक गोष्ट दहाव्या मिनिटाला कळते. तिथे हात दोन प्रकारचे असतात. एक मुलांचे, ते शिकण्यासाठी. दुसरे आपले, ते खुंटी म्हणून. माझ्या हातांवर त्या वेळी दोन स्वेटर, एक पाण्याची बाटली, एक ओला मोजा (एकच, जोडीदाराचा पत्ता अजून नाही) आणि खाऊची पिशवी होती.

खापर कुणावर फोडायचं म्हणाल तर नावं आहेत. मुलांचं वेगळं संग्रहालय ही कल्पना तशी जुनी, ब्रुकलिनला पहिलं निघालं ते १८९९ मध्ये. पण वस्तू काचेच्या कपाटातून काढून मुलांच्या हाती द्यायचा धडाका लावला मायकेल स्पॉक यांनी. ते १९६२ मध्ये बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचे प्रमुख झाले. बेंजामिन स्पॉक या प्रसिद्ध बालरोगतज्ज्ञांचे हे चिरंजीव. वडिलांनी पालकांना सल्ले दिले, मुलाने पालकांना कामाला लावलं. मग १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय उघडलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट यांचे धाकटे भाऊ. राजकीय चौकशीत विद्यापीठातली नोकरी गेली, मग काही वर्षं गुरं पाळली, मग शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यानंतर हे. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणायचे. मुलं होत नाहीत, हे खरंच. पालकांचा निकाल राखून ठेवलेला असतो.

तर, जायचंच असेल तर दार उघडताना जा, किंवा शाळांच्या सहली परतल्या की दुपारी. मधल्या वेळात गेलात तर एकाच रंगाच्या टोप्या घातलेली साठ मुलं एका हँडलला लोंबकळताना दिसतील. हँडलं तिथे कायम मोडलेली का असतात, याचं कारणही हेच. हँडल एका दिशेने फिरवायला केलेलं असतं. मुलं ते दोन्ही दिशांनी फिरवतात, वर बसतात आणि मग त्यावरून उडी मारतात. ‘दुरुस्तीसाठी बंद’ हा कागद लॅमिनेट करून ठेवलेला असतो, यावरून काय ते समजा.

दीड ते दोन तास पुरे. पाच-सहा वस्तू नीट झाल्या तर दिवस सोन्याचा. पण आपण दारातच नकाशा घेतो आणि पैसे वसूल करायला निघतो. माणूस इथेच फसतो. पोर पहिल्याच वस्तूपाशी चाळीस मिनिटं बसतं. ती वस्तू बहुधा संग्रहालयाची नसतेच, तो पिण्याच्या पाण्याचा नळ असतो.

पाण्यावरून आठवलं. पाण्याचं टेबल शेवटी ठेवा. हे सगळे सांगतात आणि कुणालाही जमत नाही, कारण ते आवाज करतं आणि दारातून दिसतं. तिथे प्लॅस्टिकचे एप्रन देतात. एप्रन पोट वाचवतो. पण मूल भिजतं ते बाहीतून. बाहीचं टोक एकदा पाण्यात बुडालं की कापड ते पाणी आपणहून वर ओढतं, दिव्याची वात तेल ओढते तसं. शिवाय चेंडू वरच्या पन्हळीत टाकायला हात उंच केला की मनगटावरचं पाणी थेट काखेत. एप्रनवर पडलेलं पाणी निथळतं ते नेमकं बुटात. म्हणून बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या, नुसत्या मनगटापर्यंत नव्हे. जास्तीचे कपडे नेताना एक सदरा, एक पँट आणि मोजे मात्र दोन जोड. मी एकच जोड नेला होता.

दोन मुलं असतील आणि धाकटं तीनच्या आतलं असेल, तर मोठी माणसंही दोन न्या. तीनच्या आतल्यांचा कोपरा वेगळा असतो, तो काही लाड म्हणून नव्हे. खेळण्यांचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते, ती त्या वयाच्या घशात अडकू शकते. मोठ्यांच्या दालनातल्या गोट्या, नट, चकत्या त्यात आरामात मावतात. आता गंमत अशी की मोठ्याला हवं असतं ते दालन एका टोकाला आणि धाकट्याचा कोपरा दुसऱ्या टोकाला. बाक असतो मध्ये, जिथून दोन्ही दिसत नाहीत. ही बाकं कोण लावतं मला खरंच माहीत करून घ्यायचंय. गुडघे हनुवटीला लागतील अशी इवली स्टुलं सगळीकडे, आणि माणसाने टेकावं अशी एकमेव जागा भिंतीकडे तोंड करून. मुलांच्या उंचीचा विचार झालाय, मुलांच्या मागे धावणाऱ्याच्या कमरेचा नाही.

उंचीचाही सगळीकडे झालाय असं नाही. समोरासमोर ठेवलेल्या दोन मोठ्या वाडग्यांसारख्या तबकड्या असतात ना, इकडे कुजबुजलं की तिकडे दालनाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं त्या? त्यांची खुबी अशी की तोंड समोरच्या माणसाकडे नाही, आपल्याच तबकडीकडे करायचं आणि तेही तिच्या नाभीबिंदूपाशी. आवाज वाडग्यावर आपटून समांतर निघतो आणि पलीकडच्या तबकडीत पुन्हा एका बिंदूवर गोळा होतो. हा बिंदू जर मोठ्या माणसाच्या तोंडापाशी ठेवलेला असेल, तर पोराला उचलून धरण्यावाचून इलाज नाही. सोळा किलोचं पोर, हात लांब करून, स्थिर. पलीकडे कुणाचं तरी तसंच धरलेलं पोर. दोघांनीही एकमेकांना सांगितलेली गोष्ट एकच: “हॅलो.” अकरा वेळा.

आता कमान.

कमानीचा खेळ माझ्या मते अशा ठिकाणचा सर्वांत सुंदर. बोल्ट मारलेल्या दोन पायांमध्ये खाली अर्धगोल आधार असतो, गवंडी ज्याला सेंट्रिंग म्हणतात तसा. त्यावर पाचरीच्या आकाराचे अकरा ठोकळे रचायचे, पाच इकडून, पाच तिकडून आणि शेवटी मधला. मग दांडा ओढून आधार खाली सोडायचा. कमान अधांतरी उभी. चुना नाही, सिमेंट नाही. प्रत्येक ठोकळा खाली पडायला बघतो, पण पाचर असल्यामुळे तो शेजाऱ्यांना रेटतो, शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांना, असं करत सगळा भार पायांत उतरतो. पाय बाहेर सरकायला बघतात, म्हणून तर ते बोल्ट. चाळीमध्ये चालतं तसंच, कुणीच कुणाला हलू देत नाही म्हणून सगळे उभे.

यात चुकतं एकच. पाचरीची अरुंद बाजू आत, म्हणजे आधाराकडे यायला हवी. एखादा ठोकळा उलटा बसला की सांध्यात फट पडते. खरा दगड असता तर मधला ठोकळा बसलाच नसता आणि चूक लगेच कळली असती. पण इथले ठोकळे फोमचे, वर रेग्झिन. दोन पोरं त्यावर बसली की मधला दाबून बसतोच. मग आधार खाली गेला की त्या फटीपाशी कमान गुडघ्यात वाकल्यासारखी वाकते आणि कोसळते.

डावीकडून चौथा ठोकळा उलटा होता. ठोकळ्यांवर आकडे होते, पण हजारो हातांनी ते पुसले गेलेले.

माझी लेक आणि एक चष्मेवाला मुलगा कमान रचत होते. कमान पडली. पुन्हा रचली. पुन्हा पडली. शेजारच्या इवल्या स्टुलावर त्या मुलाचे आजोबा बसले होते, काठीवर दोन्ही हात, त्यावर हनुवटी. प्रत्येक वेळी पडली की ते टाळ्या वाजवायचे. तिसऱ्यांदा रचताना मी हळूच चौथ्या ठोकळ्याकडे हात नेला.

“ताई, हात काढा.”

“काका, तो एक उलटा बसलाय, एवढाच…”

“दिसतोय मला. सकाळपासून दिसतोय.”

“मग सांगा ना त्यांना.”

“सांगितलं की शिक्षण संपलं,” आजोबा म्हणाले. “आपल्या पिढीचा हाच प्रॉब्लेम.” आपल्या! त्यांच्या-माझ्या वयात किमान तीस वर्षांचं अंतर. “मुलाला चुकू द्यावं लागतं. चुकलं की ते विचार करतं. विचार केला की सापडतं.”

“पण मागे रांग लागलीय.”

“लागू द्या. तीही विचार करतेय.”

मी मागे पाहिलं. रांगेत सात मुलं होती. त्यातलं एक बुटाची नाडी चावत होतं. बाकीच्यांच्या विचाराबद्दल मी खात्रीने बोलू शकत नाही.

चौथ्यांदा पडली. माझी लेक आता रडकुंडीला आलेली. मी नुसतं बोट दाखवलं, तेही लांबून. आजोबांनी काठीचं टोक माझ्या बोटाखाली धरलं, रेल्वेचं फाटक पाडावं तसं. “बोट म्हणजेसुद्धा हात, ताई.” आणि लेक, जिच्यासाठी मी हा मानभंग सोसत होते ती, म्हणाली, “आई, तू नको ना. आजोबा रागावतात.”

तुम्हाला खरं सांगू? म्हाताऱ्याचं म्हणणं चूक नव्हतं. हात घालणारे पालक हा त्या जागेचा मोठा रोग आहे. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू असतो तिथे बघा, पोर मागे उभं आणि बाबा झोत तिरका करकरून स्वतःच खूश. मीही केलंय. साबणाच्या रिंगणात मुलाला उभं करून फुग्याची नळी वर ओढायची असते, तिथे दोरी ओढणारी नेहमी आई असते. आणि ती जोरात ओढते म्हणूनच पडदा फाटतो. सावकाश ओढायची असते. पोर त्या पडद्याला कोरडं बोट लावतं आणि फोडतं, ओलं लावलं असतं तर बोट आरपार गेलं असतं. हे पोराला सहाव्या फुग्याला आपोआप कळतं, आपण पहिल्यालाच ओरडून सांगतो. हे सगळं मला मान्य. पण मान्य असलेली गोष्ट अनोळखी माणसाने काठी धरून सांगावी?

पाचवी कमान. मधला ठोकळा दाबला. चष्मेवाल्याने दांड्याला हात घातला. आणि तेवढ्यात, मी डोळ्यांनी पाहिलं, आजोबांनी काठी हळूच पुढे सरकवली, चौथ्या ठोकळ्याच्या फटीत टोक घातलं आणि गवंड्याला लाजवील अशा सफाईने तो बाहेर ढकलला. ठोकळा जमिनीवर पडला, पोराने उचलला, फिरवला, बरोबर बसवला. दांडा ओढला. कमान उभी राहिली. पोरं खालून रांगत गेली, रांगेने टाळ्या वाजवल्या.

“बघितलंत?” आजोबा म्हणाले. “कुणी हात लावला नाही.”

मी काठीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. “ही काठी आहे,” ते म्हणाले.

त्यानंतरचं फार नाही. निघताना ‘पाच मिनिटांत जायचंय’ असं म्हणू नका, त्या वयाला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. ‘अजून तीन घसरगुंड्या’ म्हणा, तीन मोजता येतात. खाऊ काढायच्या आधी हात साबणाने धुवा, वीस सेकंद, चोळून. दारातला सॅनिटायझर सोयीचा असतो, पण उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही, साबण-पाणी मात्र त्या विषाणूला वाहून नेतं. बाहेरचा रस्ता दुकानातून जातो, तिथे मुलाला कडेवर घ्या आणि बोलत राहा, थांबू नका.

दारापाशी अभिप्रायाची वही होती, अर्थातच मुलांच्या उंचीच्या टेबलावर. पेन वीतभर दोरीने बांधलेलं. मी गुडघ्यांवर बसले, ओला मोजा दातांत धरला आणि लिहायला घेतलं: ‘कमानीच्या ठोकळ्यांवरचे आकडे कृपया पुन्हा रंगवावेत, अरुंद बाजूला बाण काढावा.’ लिहून झाल्यावर सहज वरची ओळ वाचली. शाई अजून ओली होती, अक्षर जुन्या वळणाचं, सुबक.

‘पालकांना हात लावण्यास सक्त मनाई असावी. तशी पाटी लावावी.’