धूळ नव्हे, विभूती : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक माळकरी, कराड' यांस,

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया येऊन अकरा दिवस झाले. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण रोज रात्री लिहायला बसलं की दोनाच्या वीस व्हायच्या आणि सकाळी वाचल्यावर सगळ्या पुसाव्याशा वाटायच्या. बायको म्हणाली, "एकदाचं काय ते छापून टाका, म्हणजे जेवताना तरी त्या माळकऱ्यांचं नाव ऐकावं लागणार नाही." म्हणून ही स्वतंत्र पोस्ट.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यंदाच्या गणपतीत मिरजेकडच्या एका मंडळापुढं माझा जादूचा प्रयोग होता. रिकाम्या मुठीतून विभूती काढली, तशी पुढच्या सतरंजीवरची एक म्हातारी उठून आली, माझ्या पाया पडली, विभूती कपाळाला लावली आणि उरलेली पदराच्या टोकाला बांधून परत जागेवर जाऊन बसली. सगळा मांडव हसला. मी तो किस्सा गंमत म्हणून लिहिला. त्यावर आपण लिहिलंत : "पोटासाठी भोळ्या माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकणारे तुम्ही गारुडी. देवाच्या मांडवात हे करताना लाज कशी वाटली नाही? आणि त्या माउलीला खरं काय ते का सांगितलं नाही?" पुढं तुकोबा, शास्त्र, कायदा, लहान मुलांवरचे संस्कार असं बरंच आहे.

आधी भाषेबद्दल. मी या ब्लॉगवर माझ्या नावानं लिहितो, फोटो लावून लिहितो, बाजूला मोबाइल नंबरही आहे. आपण 'एक माळकरी' आहात. कराडात माळकरी काय एकच आहे? ज्याला 'लाज कशी वाटली नाही' असं चारचौघांत विचारायचंय, त्यानं निदान आडनाव तरी लावावं, एवढी अपेक्षा चुकीची नसावी. माळ घातलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द मला नवीन आहेत. माझे वडील माळकरी होते, आयुष्यात त्यांनी कुणाला 'अरे'च्या पुढं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. 'म्हातारी' हा शब्द मी वापरायला नको होता. लेखात तिथं आता 'आजी' केलं आहे. चूक ती चूक. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता 'पोटासाठी' आणि 'गारुडी'. शिवी म्हणून आपण हे शब्द फेकलेत. माझ्या कानाला ती शिवी लागत नाही, तरी फेकणाऱ्याचा हात दिसतोच.

मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलो. वडील एका अडत दुकानात दिवाणजी होते. शर्टाची कॉलर कायम पिवळी. माझी पहिली जादू हळदीचीच. सातवीत असेन. वडिलांच्या पानाच्या डबीतला चुना बोटाला लावायचा, हळदीच्या पाण्यात ते बोट फिरवायचं, पाणी लालभडक. कुंकू करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, मला तेव्हा नव्यानं कळलं होतं. शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्यांनी त्या तांब्याला हातच जोडले. वडील ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "छान केलंस. आता काकूंना चुना दाखव." काकूंना चुना दाखवल्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि संध्याकाळी त्यांनीच तो खेळ आळीतल्या सगळ्या बायकांना करून दाखवला. या घरातून मी आलोय. मला लाज शिकवायला कराडहून कुणी यायची गरज नाही.

दुसरे गुरू मिरजेचे उस्ताद. मीरासाहेबांच्या उरुसात ते दर्ग्याबाहेर चादर टाकून खेळ करायचे. वाट्या-गोळे, पत्ते, पोराच्या कानातून रुपया. त्यांच्यातल्याही काही लोकांचा आक्षेप असायचा. कुराणात सिहर, म्हणजे जादूटोणा, हे मोठं पाप सांगितलंय, मग तू हे काय चालवलंयस? उस्ताद कधी चिडले नाहीत. खेळ सुरू करण्याआधी दोन्ही पंजे सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायचे आणि म्हणायचे, "हाथ की सफाई है भाई. सच्चा जादू आता तो तुमसे चिल्लर मांगता क्या मैं?" आणि शेवटी चादरीवर पैसे पडायला लागले की ते रस्त्यावरचं जुनं वाक्य, पापी पेट का सवाल है. तर माळकरी महाराज, पोटासाठी हे आम्ही कधीच लपवलेलं नाही. आमच्या धंद्यात ते शेवटचं वाक्यच आहे. कीर्तनकार पाकीट घेतात, भजनी मंडळं बिदागी घेतात, मांडववाला आणि स्पीकरवाला तर आधी ॲडव्हान्स घेतो. पोट फक्त जादूगारालाच असतं का?

राहिली 'डोळ्यांत धूळ'. हा शब्द आपल्याला सहज सुचला असेल, पण मी त्यावर चार रात्री काढल्यात. आमच्या कलेला मराठीत जुना शब्द आहे नजरबंदी. ज्यूंच्या हिब्रूत या कामाला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'डोळे धरणे' असा होतो. कुराणात मूसा पैगंबर आणि इजिप्तच्या फिरौन राजाच्या जादूगारांची गोष्ट आहे, तिथंही त्या जादूगारांनी 'लोकांच्या डोळ्यांवर' जादू केली असंच म्हटलंय. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मायमोनिडीज नावाचे ज्यू पंडित होते. त्यांनी तर नुसती हातचलाखीसुद्धा निषिद्ध ठरवली, आणि उदाहरणं कोणती दिली? दोरी कपड्यात घालून साप काढणं. अंगठी हवेत उडवून समोरच्या माणसाच्या तोंडातून काढणं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग यायच्या ऐवजी आनंदच झाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी हा माणूस कुठंतरी पुढच्या रांगेत बसून आमचा खेळ नीट बघत होता! ज्यू धर्मगुरूंमध्ये आजही यावर दोन मतं आहेत. काही जण बंदीच घालतात. काही म्हणतात, ही हाताची करामत आहे हे लोकांना आधी सांगा, मग खुशाल करा. आणि जगातला सगळ्यांत गाजलेला जादूगार हुदिनी, तो एका रब्बीचाच, म्हणजे ज्यू धर्मगुरूचाच, मुलगा. प्रेतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या भोंदूंचं पितळ त्यानं शेवटची काही वर्षं जाहीरपणे उघडं पाडलं. ते पाडायला जादूगारच लागतो, कारण नजर कुठं फिरवली हे त्यालाच कळतं.

ख्रिस्ती लोकांतही तेच. बायबलच्या जुन्या करारात चेटूक करणाऱ्यांना स्पष्ट मनाई आहे, म्हणून तिकडचे काही कलाकार स्वतःला जादूगार म्हणवूनच घेत नाहीत, 'इल्युजनिस्ट' म्हणतात. पण डॉन बॉस्को यांची गोष्ट ऐका. इटलीत १८१५ साली जन्मलेले, पुढं संत झालेले. लहानपणी दोरीवर चालायचे, जादू करायचे, आणि प्रेक्षकांकडून तिकीट म्हणून प्रार्थना म्हणून घ्यायचे. विद्यार्थी असताना त्यांच्या जादूवर संशय आला आणि चर्चमधल्या एका वरिष्ठांनी चौकशीला बोलावलं. बॉस्को म्हणाले, विचार करायला पाच मिनिटं द्या, किती वाजले तेवढं बघा. वरिष्ठांनी खिशात हात घातला, घड्याळ नाही. बरं, एखादं नाणं द्या. पैशाची पिशवीही नाही. दोन्ही बॉस्कोंनीच गुपचूप उचललं होतं! नंतर कसं उचललं ते समजावून सांगितलं तेव्हा ते वरिष्ठ हसले आणि प्रकरण मिटलं. त्या गृहस्थांनी तोंड उघडून आधी विचारलं तरी. 'लाज कशी वाटली नाही' हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता.

'शास्त्रात निषिद्ध' असं आपण लिहिलंय. कुठल्या शास्त्रात, ते लिहिलेलं नाही. मी एवढंच सांगतो की आद्य शंकराचार्यांना आमचा धंदा दृष्टान्ताला चालला. ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढताना दिसणारा मायावी वेगळा आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा, असं ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात त्यांनी समजावलंय. आचार्यांनी गारुडी पाहिला, त्याला हाकलला नाही, वेदान्तात नेऊन बसवला. आपल्याला मांडवातही नको आहे.

तुकोबांनी 'चमत्कार उठाउठी' दाखवणाऱ्यांवर कोरडे ओढलेत ते मला पाठ आहेत, वडिलांमुळे. ते बुवांसाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत. पुढं चला. मुलांवरच्या संस्काराचा मुद्दा मी सोडून देतो. २०१९ च्या महापुरात निवारा केंद्रातल्या मुलांसमोर मी सलग सहा दिवस फुकट खेळ केलेत, तेव्हा कुणाचे संस्कार वाहून गेले नाहीत, घरं गेली होती.

कायद्याचं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉक्टर साताऱ्याचे, शिकले आमच्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला आणि मिरजेच्या मेडिकलला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना मी विभूती काढताना कितीदा पाहिलंय. त्यामुळं हे काही गुपित नाही : राख तांदळाच्या पेजेत कालवून गोळी वळायची, वाळवायची, अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि चुरडायची. कायद्याच्या अनुसूचीत 'तथाकथित चमत्कार' दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं असं आहे. मी चमत्कार म्हणतच नाही. प्रयोगाच्या सुरुवातीला माइकवरून स्वच्छ सांगतो की ही हातचलाखी आहे. तेव्हा मला सात वर्षांच्या शिक्षेची भीती घालू नका. कलम वाचून घालत चला.

तर आजी.

आजी उशिरा आल्या असाव्यात. सुरुवातीचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं नसणार. माझ्या पाया पडल्या तेव्हा मागं मंडळाचे अध्यक्ष हातात पाकीट घेऊन उभे होते, आरतीला उशीर झाला म्हणून पोरं घाई करत होती, आणि तीन-चारशे माणसं हसत होती. तशात, 'आजी, ही पेजेतली गोळी आहे' असं माइकवरून सांगायचं? त्या हसण्यात आणखी भर घालायची? सांगणं म्हणजे नेहमी सन्मानच असतो असं नाही. हे तुम्ही घरी बसून टाइप करता तेव्हा फार सोपं वाटतं. माइक हातात धरा आणि मग बोला.

माइक बंद करून सांगता आलं असतं, हे मलाही कळतं. तुमच्या आधी बायकोनं विचारलंय.

दोन दिवसांनी मी मंडळाच्या पोरांना फोन केला होता. पांढरं लुगडं, हातात काठी, एवढंच मला सांगता आलं. ते म्हणाले, अशा बऱ्याच आहेत काका, विसर्जन होऊ द्या, मग विचारतो. पुन्हा फोन आला नाही. हे मूळ लेखात नव्हतं, कारण गमतीच्या लेखात ते बसत नव्हतं.

आपली पुढची प्रतिक्रिया आली तर छापीन. फक्त नाव लावा. आणि पुढच्या रविवारी सकाळी दहाला सांगलीतल्या विश्रामबागेत एका वाढदिवसाला माझा छोटा प्रयोग आहे, यजमानांना मी विचारून ठेवलंय, कराडहून पहिली एसटी धरलीत तर वेळेत पोचाल. विभूती सध्या कार्यक्रमात ठेवलेली नाही. हळदीचं पाणी आहे, चुन्याची डबी टेबलावर उघडीच असेल.