मेल्या कोंबडीचा फोन
रविवारी तलावपाळीवर बसलो होतो. अण्णांनी मोबाइल नाचवत सुरुवात केली, "बर्डफ्लू म्हणजे कंपन्यांचं कारस्थान! कोंबड्या काय आज मरायला लागल्यात?"

माधवी पशुवैद्यक. ती म्हणाली, "अण्णा, आपल्याच शहापुरातलं वेहळोली विसरलात? फेब्रुवारी 2022. शेडमधल्या शंभरेक कोंबड्या गेल्या, एच5एन1 हा बर्डफ्लूचाच विषाणू निघाला, आणि आजूबाजूचे 25,000 पक्षी मारायचं ठरलं."

"मारले ना? विषय संपला."

"पण कळलं कसं? आधी शेडवाल्याचा फोन यावा लागतो. मग आम्ही घशातला, गुदद्वारातला स्वॅब घेणार, बर्फाच्या डब्यातून पुण्याला धाडणार, शेवटचा शिक्का भोपाळच्या लॅबचा. फोनच आला नाही तर भोपाळवाले काय करणार?"

चिकनवाला पिंट्या उसळला. "आणि फोन करणाऱ्याला काय? मारलेल्या कोंबडीची भरपाई, आधीच मेलेलीचा छदाम नाही. वर गावभर बोभाटा!"

"म्हणून पहिल्याच दिवशी कर. जितका उशीर, तितक्या तुझ्या फुकट मेल्या."

पिंट्या गप्प. मला तिचं शंभर टक्के पटलं. भरपाई वेळेत हातात पडली तरच लोक फोन उचलतील, हेही तितकंच खरं.

"ओळखायचं कसं पण?" पिंट्यानं विचारलं. माधवीनं अण्णांची लाल टोपी काढून मुठीत उभी धरली. "हा तुरा. जांभळा पडायला लागला, डोकं सुजलं, पटापट मरायला लागल्या, की फोन."

"टोपी दे गं!"

तिचं चालूच. "नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर 2024 मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या ह्याच विषाणूनं गेले. पक्ष्यांपुरता आहे म्हणून गाफील राहायचं नाही. आणि आपल्याकडे कोंबडीचा ताप एका खात्याकडे, माणसाचा दुसऱ्याकडे. पिंट्या, पावसाळ्यात तू तापानं पडलास, तेव्हा डॉक्टरांनी धंदा विचारला?"

"नाव विचारलं, दोनशे रुपये घेतले."

हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. दिवसाला दीडशे कोंबड्या हाताळणारा माणूस, आणि त्याला एवढा साधा प्रश्न कुणी विचारू नये?

अण्णा अजून कारस्थानावरच. माधवी वळली. "2006 ला नवापूरच्या बर्डफ्लूची बातमी आली, त्याच आठवड्यात पिंट्याचा साखरपुडा. कारस्थान होतं, तर चिकनच्या पातेल्यापासून चार हात लांब कशाला बसलात?"

"आणि चौदा गुलाबजाम हाणले!" पिंट्याला वीस वर्षांचा सल आठवला. "माझ्या सासऱ्यांनी मोजलेत!"

"अकरा!" अण्णा टोपी हिसकावत ओरडले. "तीन तुझ्या मामाचे होते!"

मग कुणालाच बोलता येईना.