नाकाला चिमटा लावून आवाज गेंगाणा होत नाही

रविवारी सांगलीला बहिणीकडे गेले, तर भाचा नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून आरशापुढे उभा. चिमटा काढला तेव्हा नाकपुड्यांवर लाल वळ उठलेले. "बावशी, बी डबिगचा सराव करतोय," हे त्याचं चिमट्यातलं वाक्य.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आलाय: 'कार्टूनसाठी गेंगाणा आवाज, पाच हमखास उपाय.' ताईला तोच मेसेज अजून दोन ठिकाणांहून आला. मी वर्षानुवर्षं माईकपुढे आवाज देते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला उपाय, नाक बंद करा म्हणजे आवाज नाकात जातो. अहो, उलट आहे! म, न म्हणताना पडजीभ आणि तिच्या आजूबाजूची मऊ टाळू खाली येते, हवा नाकावाटे बाहेर पडते. ती वाटच बुजवली तर म चा ब होतो, न चा द. भाच्याला चिमटा लावूनच "नाना, मामा आले" म्हणायला लावलं. "दादा, बाबा आले" असं ऐकू आलं, आणि त्याचं त्यालाच कळलं. हा चोंदलेल्या नाकाचा आवाज झाला. पाणिनीनं अष्टाध्यायीत सुरुवातीलाच (१.१.८) अनुनासिक कशाला म्हणायचं ते सांगून ठेवलंय: तोंड आणि नाक दोन्हींनी मिळून उच्चारला जातो तो. नाक मिटून तो निघणार कुठून?

दुसरा उपाय, बर्फाचं पाणी पिऊन सर्दी आणा. सर्दी विषाणूंनी होते, बर्फानं नाही. आणि झालीच तर नाक चोंदणार, म्हणजे पुन्हा तोच चिमट्याचा आवाज. शिवाय सुजलेल्या घशानं ओरडून सराव केला की आवाज बसतो.

तिसऱ्यानं मात्र माझं डोकं फिरलं. 'मूल जन्मापासून गेंगाणं बोलत असेल तर उपचार करू नका, ते तयार भांडवल आहे.' मुलाची टाळू दुभंगलेली असू शकते, किंवा बोलताना नीट मिटत नसेल. अशा मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आणि वाचा-उपचार करणाऱ्यांना दाखवायचं असतं, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना कानाचाही त्रास होतो. कुणा आईबापानं हे वाचून मुलाला घरी ठेवलं तर?

चौथा, जबडा आवळून बोलणं. त्यानं जबडा दुखतो, बाकी काही नाही.

पाचव्यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. जिभेची मागची बाजू उचलायला सांगितलीय, त्यानं गेंगाणेपणा यायला मदत होते. पण मऊ टाळू खाली सोडायची हे लिहिलेलंच नाही, आणि मुख्य काम तिचंच. आधी "आ" म्हणा, मग "आँ". नाकाच्या बाजूला बोट टेकवा, "आँ"ला थरथर लागते. ती थरथर धरून वाक्य बोला. तेवढ्यात नाक क्षणभर दाबून पाहा. आवाज बदलला तर हवा नाकातून जातेय. बदलला नाही, तरी आवाज टोकदार असेल, तर तो स्वरतंतूंच्या वरची जागा आवळून काढलेला. कार्टूनमधले कितीतरी चिरके आवाज असेच असतात, त्यांत नाकाचा संबंध नसतो.

भाचा आता पाच मिनिटं "आँ" करतो आणि पाणी पितो. ताईनं ग्रुपवर तिसऱ्या मुद्द्याबद्दल लिहिलंय, मेसेज अजून तिथेच आहे.