दीडशे रुपयांचा अपग्रेड

काल गिझर बघायला इलेक्ट्रिशियन आला होता, जाताना माझी इज्जत काढून गेला.

माझ्या म्युझिक सिस्टिमला दोन वर्षं एक बारीक घूंऽऽ आहे. गाणं चालू असताना नाही, दोन गाण्यांच्या मधे. त्या घूंपायी मी आधी डॅक (डिजिटल गाण्याचं अँप्लिफायरला समजेल अशा सिग्नलमधे रूपांतर करणारा डबा) बदलला, मग अँप्लिफायर, मग लॅमिंग्टन रोडवरून मनगटाएवढी जाड केबल आणली (मनगट माझं, म्हणजे फार जाड नाही), ऑक्सिजन-फ्री कॉपर, ९९.९९ टक्के शुद्ध. खर्चाचा आकडा बायकोला सांगितलेला वेगळा आणि खरा वेगळा, इथे तिला सांगितलेलाच धरा, २२ हजार.

तर तो पोरगा गिझर आटपून हॉलमधे आला आणि म्हणाला, "काका, हे घुमतंय."

काका! बरं, मी त्याला ग्राउंड लूप, ५० हर्ट्झ वगैरे घूंमागचं शास्त्र समजावायला घेतलं तर ऐकतोय कोण, त्याने सरळ बोटाची मागची बाजू अँप्लिफायरच्या पत्र्याला टेकवली. घूं कमी. बोट काढलं, घूं चालू. परत टेकवलं.

"झिणझिण्या येत्यात. तुमाला येत नाय?"

येतात की! मला वाटायचं भारी वस्तूचं मेटल फिनिश असंच लागत असेल हाताला.

त्याने सॉकेट उघडलं, मग मेन बंद करून मेनबोर्ड उघडला. आत हिरवी वायर, कापून, टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली. "अर्थिंगच नाय काका. गळका करंट जमिनीत जायला वाट नाय, म्हणून पत्र्यावर येतो. सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला हे."

वायर जोडली, १५० रुपये घेतले. घूं गायब. इतकी शांतता की पंख्याचं बेअरिंग ऐकू यायला लागलं, आता त्याचं काय करायचं बघतो.

पण डोकं फिरलंय ते बिल्डरवर. जिन्याच्या जागेचेसुद्धा स्क्वेअर फुटाने पैसे लावले आणि एक हिरवी वायर जोडताना हात जड झाला? सोसायटीत बोललो तर म्हणे जनरल बॉडीत विषय घ्या. तिथे दोन वर्षं पार्किंगच्या पुढे गाडीच सरकत नाहीये.

हां, तर तो पोरगा निघत होता तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप ठेवत त्याला विचारते, "म्हणूनच का रे वॉशिंग मशीन चिमटे काढतं?"

तीन वर्षं सांगत होती ती. मी काही केलं नाही असं नाही, रबरी स्लिपर आणून दिली होती. ९० रुपयांची.